स्तेन म्हणजे दगड, पण कुठला?

उप्साला, स्वीडन,
१८ फेब्रुवारी

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. बाबांच्या गुडघ्यांचं वाचून जीव हळहळला. जन्मभर उकिडवं बसून दगडावर टाकी चालवली, ते कुठेतरी दुखणारच. हे पत्र खरं तर त्यांच्यासाठीच आहे, वाचून दाखव.

गेल्या महिन्यात मला मुतखड्याने गाठलं. (आता बरा आहे, आईच्या कानावर घालू नकोस.) रात्री दोन वाजता दवाखान्यात पोचलो. डॉक्टरबाई तपासून म्हणाल्या, "न्यूरस्तेन." न्यूर म्हणजे मूत्रपिंड, स्तेन म्हणजे दगड. चार मिलिमीटरचा कण, आणि त्याला दगड! आपल्याकडे पोटातला तो खडा, नदीतला गोटा, शेतातला धोंडा, सड्यावरचा कातळ, देवळातली शिळा. कळ ओसरल्यावर मनात आलं, या लोकांकडे एवढा एकच शब्द? बिचारी भाषा!

साफ चुकलो होतो. चूक कुठे होती ते पडल्या पडल्या वही उघडल्यावर समजलं. मी स्वीडिश शब्द इंग्रजीतून शिकत होतो, आणि त्या वळणावर अर्धे दगड सांडत होते. आपल्या गोट्याला इथे 'कुल्लरस्तेन' म्हणतात. त्यात 'गडगडणं' आहे, म्हणजे गडगडत गडगडत गुळगुळीत झालेला दगड. जमिनीलगत पसरलेल्या सपाट खडकाला 'हेल' म्हणतात. पश्चिम किनाऱ्याजवळ तानुमला अशा खडकांवर कांस्ययुगात कोरलेल्या होड्या आहेत, माणसं आहेत. १९९४ पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. त्या कोरीवकामाला स्वीडिशमध्ये 'हेलरिस्तनिंग' म्हणतात. इंग्रजीत त्याचं 'रॉक कार्व्हिंग' होतं आणि तो सपाटपणा निघून जातो. आपल्याकडे मात्र शब्द तयारच आहे, कातळशिल्प! कशेळीच्या सड्यावर तो अवाढव्य हत्ती बघायला आपण भर उन्हात गेलो होतो, आठवतं? तेव्हापासून मी स्वीडिश शब्द थेट मराठीशेजारी ठेवून बघतो.

म्हणींत तर फारच गंमत आहे. आपण एका दगडात दोन पक्षी मारतो. स्वीडिश माणूस एका फटक्यात दोन माश्या मारतो, दगडाला हातही लावत नाही. मैलाचा दगड इथे बहुधा मैलाचा खांब असतो. उलट जिथे आपल्याला दगड सुचत नाही तिथे यांना सुचतो. ठार बहिरा माणूस 'दगडबहिरा', गडगंज श्रीमंत तो 'दगडश्रीमंत'. आपला दुष्काळात तेरावा महिना, तर यांचं ओझ्यावर दगड ठेवणं. दुःख गिळायचं असलं की आपण छातीवर दगड ठेवतो, आणि काळजी मिटली की यांच्या छातीवरून दगड गळून पडतो. खडा पडल्याचं कळलं त्या दिवशी मी डॉक्टरबाईंना हेच वाक्य म्हणालो. त्या हसल्या, मलाही फार बरं वाटलं.

आणि एक स्वीडिश दगड तर तू शाळेतच पाठ केला आहेस. विजेच्या दिव्यातली तार कशाची? टंगस्टनची. 'तुंग' म्हणजे जड, 'स्तेन' म्हणजे दगड. एका जड खनिजाचं हे नाव होतं. १७८१ मध्ये शेले या औषधविक्याने त्यातून नवं आम्ल वेगळं काढलं, आणि दोन वर्षांनी स्पेनमध्ये धातू हाती आला. नाव जगभर पसरलं, पण स्वीडनमध्ये त्या धातूला म्हणतात वोल्फ्राम! जड दगड ज्यांचा, त्यांनीच तो शब्द सोडला याचं मला अजून नवल वाटतं.

आता मुख्य गोष्ट. माझ्या घराजवळ, विद्यापीठासमोरच्या बागेत 'रूनस्तेन' उभे आहेत, जुन्या रून लिपीत कोरलेले. या उप्लांद प्रांतात ते सर्वांत जास्त. बहुतेक अकराव्या शतकातले. नागासारखी एक पट्टी वळसे घेत दगडभर फिरते आणि तिच्या अंगात अक्षरं. मजकूर साधारण एकाच घडणीचा: अमक्याने आपल्या बापासाठी हा दगड उभा केला. परवा हातमोजा काढून एका खाचेतून बोट फिरवलं. दगड बर्फासारखा गार, पण खाचेचा तळ गोलसर, मऊ. कुणीतरी घाई न करता कोरलेली खाच. मला थेट तुमच्या वेशीवरचा वीरगळ आठवला. तिथे अक्षर नाही, खाली लढाई आणि वर स्वर्ग. इथे बहुधा चित्र थोडं आणि नाव मोठं. इंग्रजीत रूनस्तेनला सरळ 'रूनस्टोन' म्हणून मोकळे होतात. मी वहीत 'वीरगळासारखा' असं लिहिलं. नेमकं नाही, पण गेलेल्या माणसासाठी दगड उभा करणं त्यात येतं.

खाणीला इथे 'स्तेनब्रोत' म्हणतात, म्हणजे जिथे दगड फोडतात ती जागा. आपण खणतो, हे फोडतात. बाबाही "खाणीवर जातो" असं कधी म्हणायचे नाहीत, "दगड फोडायला जातो" म्हणायचे. हा शब्द त्यांना नक्की सांग.

आणि त्यांना विचारून मला कळव: घाव घालायच्या आधी दगडावर ते हात फिरवायचे, कुठून फुटेल ते बघायचे. त्या न दिसणाऱ्या रेषेला ते काय म्हणायचे? टाकीखालून उडते तिला कपचीच म्हणतात ना, की तुमच्याकडे वेगळं नाव आहे? वहीत दोन्ही जागा मोकळ्या ठेवल्या आहेत.

तुझा,
मिलिंद