करी रोडच्या पेपरवाल्या काकांना

प्रिय काका,

सादर नमस्कार.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली आणि मी सवयीने सव्वासहाला करी रोड स्टेशनबाहेर तुमच्या फळीपाशी थांबले. पुरवण्या घालत बसलेला मुलगा ओळखीचा नव्हता. "काका गावाला गेले, आता तिकडेच राहणार," म्हणाला. मग फळीखालून सुतळीने बांधलेला गठ्ठा काढून त्याने माझ्या हातात दिला. वर चिठ्ठी होती, तुमच्या अक्षरात : 'बाईंचे १२'.

तोंडावर आभार मानले असते तर "चला, गिऱ्हाईक खोळंबलंय" म्हणून तुम्ही मला वाटेला लावलं असतं. म्हणून हे असं चारचौघांत लिहितेय. तुमचा पुतण्या वाचून दाखवील.

जून २०२३ मध्ये मी एकाच इंग्रजी पेपरचे १२ अंक मागितले, तेव्हा तुम्ही विचारलं होतंत, "घरात एवढी माणसं वाचतात?" मराठी माध्यमाच्या शाळेत नववीला इंग्रजी शिकवते, वर्गात ३६ मुलं, तिघांत एक अंक, असा हिशेब मी सांगितला. "मग ताजे कशाला? कालचे न्या," म्हणालात, आणि न खपलेले अंक रद्दीच्या भावाने बाजूला ठेवायला लागलात. इतपत कोणाही भल्या माणसाने केलं असतं.

दुसऱ्या आठवड्यात गठ्ठ्यात मराठी पेपरचं एक पान घडी घालून ठेवलेलं सापडलं. चुकून आलं असेल म्हणून मी परत आणलं. "राहू द्या हो बाई. फोटो सारखा दिसला म्हणून घातलं. आधी मराठीत कळलं की पोरं बिचकत नाहीत." तुम्हाला इंग्रजी वाचता येत नाही हे मला तेव्हा कळलं. पहाटे चारला उठून, लाइनवर, म्हणजे घरोघरी पेपर टाकायला, पोरं पाठवून, मधल्या वेळात तुम्ही फोटोवरून बातम्यांच्या जोड्या लावत होतात! मला प्रशिक्षणात शिकवलं होतं की इंग्रजीच्या तासाला मराठीचा शब्द काढायचा नाही. मी तो नियम पाळत होते आणि मुलं गप्प बसत होती. तुमचं ते एक पान वर्गात फिरलं आणि मागच्या बाकांनी तोंड उघडलं. एकाच घटनेला एक पेपर पहिलं पान देतो आणि दुसरा ती आतल्या पानात कोपऱ्यात टाकतो, हेही मुलांनीच मला दाखवलं. "बाई, आपली बातमी त्यांच्याकडे पाचव्या पानावर का?" आपली आणि त्यांची. हा शब्द कुठल्या धड्यात नव्हता.

ऑक्टोबर २०२३ मध्ये पद्मिनी टॅक्सीची बातमी आली, आठवतंय? मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची मुदत, शेवटची पद्मिनी नोंदली गेली २९ ऑक्टोबर २००३ ला, म्हणजे आता रस्त्यावरून जाणार. मी वर्णन लिहायला देणार होते, रंग, आकार वगैरे. तुम्ही म्हणालात, "मीटर बाहेर असायचं, बॉनेटच्या बाजूला. ड्रायव्हर हात बाहेर काढून ते पाडायचा. ते लिहायला सांगा." मुलांनी ते पाहिलंच नव्हतं, घरी जाऊन विचारावं लागलं. दुसऱ्या दिवशी वर्गात २० वाक्यं आली आणि सगळ्यांत 'यूज्ड टू' होतं. व्याकरणाच्या पुस्तकातून हा प्रयोग शिकवताना माझा घसा बसायचा. आपल्याकडे 'यायचा, जायचा, पाडायचा' म्हणतात तेच हे, असं मी फळ्यावर लिहिलं आणि तास संपला. एका मुलीने लिहिलं, 'माझे आजोबा मिलमध्ये जायचे. आता ते मॉलमध्ये जायचे, एसीत बसायला.' दुसऱ्या वाक्यात काळ चुकलाय. मिल तीच, फीनिक्स, फक्त आता तिथे मॉल आहे. लाल पेन उचललं होतं, परत ठेवलं.

मग मार्च २०२४. राज्य मंत्रिमंडळाने मुंबईतल्या काही स्टेशनांची नावं बदलण्याचा प्रस्ताव मंजूर केला : करी रोडचं लालबाग, सँडहर्स्ट रोडचं डोंगरी, चर्नी रोडचं गिरगाव. अर्ध्या वर्गाला करी रोड म्हणजे आमटीची करी वाटत होती! इंग्रजीत दोघांत एका 'ई'चा फरक आहे, आणि नाव करी आडनावाच्या रेल्वेच्या साहेबावरून आहे, हे ऐकून मुलं हिरमुसली. पण वाद झाला तो पुढे. एक गट म्हणाला, साहेबाचं नाव कशाला, आम्ही राहतो लालबागला. दुसरा म्हणाला, आजी गावाहून पहिल्यांदा आली ती करी रोडला उतरली, तिच्या गोष्टीत लालबाग स्टेशन कुठून आणू? मी तुमचं मत विचारलं तर हसलात. "एल्फिस्टनचं प्रभादेवी होऊन इतकी वर्षं झाली," (२०१८ पासून, काका) "माझी जीभ अजून एल्फिस्टनलाच उतरते." हे वाक्य मी वर्गाला इंग्रजीत करायला दिलं. अजून कुणाला धड जमलेलं नाही, मलाही नाही.

काळ्या घोड्याची गोष्ट तुम्हाला माहीतच आहे, थोडक्यात सांगते. सहावा की सातवा एडवर्ड यावरून भांडत आम्ही फेब्रुवारीत फोर्टात गेलो (सातवा). राजाचा काळ्या घोड्यावर बसलेला पुतळा १९६५ मध्ये तिथून हलवला, २०१७ मध्ये नवा घोडा बसवला, पण पाठीवर कोणी नाही. पहिला राजा भायखळ्याला आहे, हे तुम्ही सांगितलंत. पेंग्विन बघायला दहादा राणीबागेत गेलेल्या मुलांना बाजूच्या म्युझियमच्या आवारातला घोडा दिसला नव्हता. 'रिकाम्या घोड्यावर तुम्ही कोणाला बसवाल?' असा निबंध दिला. शिवाजी महाराज बरेच आले, क्रिकेटपटू आले. एकाने लिहिलं, आईला बसवीन, पण ती म्हणेल आधी डबा भरू दे.

आता ज्यासाठी खरं हे पत्र लिहायला घेतलं ते. ऑगस्ट २०२५, वरळीच्या जुन्या बीडीडी चाळीच्या पुनर्विकासातल्या घरांच्या चाव्या. ५५६ कुटुंबांना नवी घरं, १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या फ्लॅटमध्ये. मी उत्साहात 'माझं नवं घर' हा विषय दिला. वर्गातला एक मुलगा बीडीडीतला, पण त्यांची इमारत पहिल्या यादीत नव्हती. ते अजून भाड्याच्या खोलीत आहेत. त्याने कोरा कागद दिला. मी त्याला ओरडले, काका. तिसऱ्या दिवशी तुमच्यासमोर रडकुंडीला येऊन हे सांगितलं. तुम्ही पेपर मोजायचं थांबवलं नाहीत. "नवं घर त्याने बघितलंय कुठे? जुन्या खोलीत मोरी कुठे होती ते विचारा."

मी विचारलं. त्याने दीड पान लिहिलं. मोरी दारामागे, तिच्यावर फळी, फळीवर आजोबांची ट्रंक, ट्रंकेवर गणपतीची मखर. रात्री मोरीच्या कट्ट्याला उशी लावून तो झोपायचा, तिथे गार लागायचं. मोरीला इंग्रजी शब्द त्याला सापडला नाही. मलाही सापडेना, बाथरूम नव्हे, सिंकही नव्हे. त्याने इंग्रजी अक्षरांत 'मोरी' असंच लिहिलं आणि मी ते तसंच ठेवलं. खाली चित्रही काढलंय, पेन्सिलीने. त्यात माणसं नाहीत, नुसता ओला कट्टा आणि वर तांब्या. वर्गात लावू का विचारलं तर नको म्हणाला, मग दोन दिवसांनी स्वतःच टाचणी घेऊन आला.

'पोर्शन' मागे पडतो अशी तक्रार माझ्याविरुद्ध दोनदा झाली. झाली तर झाली.

चित्राचा फोटो पुतण्याच्या मोबाइलवर पाठवलाय, तो तुम्हाला दाखवील. आणि एक राहिलं. ऑक्टोबरच्या गठ्ठ्यांचे पैसे तुम्ही "नंतर बघू" म्हणून घेतलेच नाहीत. पाकीट माझ्या कपाटात तसंच पडून आहे. पुतण्याला देऊ, की तुम्ही गणपतीनंतर मुंबईत फेरी मारणार आहात?

तुमची,
१२ अंकवाल्या बाई