ताळा करायला लावणाऱ्या कंडक्टर काकांना

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार.

हे पत्र पोस्टाने पाठवलं असतं तर तुम्ही चष्मा पुसून वाचलं असतं, घडी घालून कपाटात ठेवलं असतं आणि काकूंनाही दाखवलं नसतं. म्हणून चारचौघांत लिहितेय. गल्लीला कळू दे, डेपोतल्या तुमच्या जुन्या मंडळींना कळू दे, आणि गणिताच्या धसक्याने दहावीला हात न लावलेल्या माझ्यासारख्या बायकांनाही.

आठवीनंतर माझी शाळा सुटली. अडतिसाव्या वर्षी मी बाहेरून दहावीला बसायचा १७ नंबरचा फॉर्म भरला, कारण मुलीच्या शाळेच्या कागदांवर ‘आईचे शिक्षण’ या रकान्याशी माझं पेन दरवेळी अडायचं. मराठी, इतिहास, भूगोल रात्री शिलाई मशीन बंद केल्यावर वाचून होत होतं. गणित भाग १ च्या पहिल्याच प्रकरणाशी गाडी थांबली. दोन चलांतील रेषीय समीकरणे. एका क्लासमध्ये चौकशी केली, तर तिथले सर म्हणाले, “तुम्ही काठावर निघालात तरी पुष्कळ.” पुन्हा तिकडे गेले नाही.

तुम्ही पँटची उंची कमी करायला आला होतात. मशीनवर पुस्तक उघडं होतं. तुम्ही वाकून पाहिलंत आणि म्हणालात, “अगं, हे तर आमचं वेबिल आहे!” वेबिल म्हणजे कंडक्टरचा तिकिटांचा आणि पैशांचा हिशेबाचा कागद. मला वाटलं थट्टा करताय. मग माझाच खडू घेऊन तुम्ही कापडाच्या तुकड्यावर लिहिलंत: गाडीत ४४ तिकिटं फाडली, फुल २० रुपयांचं, हाफ १० चं, पिशवीत ७३० रुपये. फुल किती, हाफ किती?

मी गप्प. तुम्ही म्हणालात, “समज सगळेच हाफ. मग ४४० व्हायला हवेत. वरचे २९० आले कुठून? एका फुलामागे १० जास्त. म्हणजे २९ फुल, उरलेले १५ हाफ.” त्यात कुठे एक्स नव्हता की वाय नव्हता. मग तेच तुम्ही पुस्तकातल्यासारखं मांडून दाखवलंत. फुल एक्स, हाफ वाय: एक्स + वाय = ४४ आणि २० एक्स + १० वाय = ७३०. पहिल्या समीकरणाला १० ने गुणलं, दुसऱ्यातून वजा केलं, हाफवाले निघून गेले आणि १० एक्स बरोबर २९० उरलं. ‘चलाचा लोप’ म्हणजे इतकंच, हे मला त्या खडूच्या रेघांनी समजलं. (आता एसटीत आम्हा बायकांनाही अर्धं तिकीट. तुमच्या काळातला हाफ म्हणजे पोरंसोरं, हे मुलीला वेगळं समजावून सांगावं लागलं.)

एक्स-वाय बघितले की तरीही माझा हात थिजायचा. तेव्हा तुम्ही चाळीसगाव डेपोतल्या दिवसांची गोष्ट काढलीत. जवळच पाटणला शिलालेख आहे, भास्कराचार्यांच्या नातवाने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला त्याचा. त्या भास्कराचार्यांच्या बीजगणितात एक्स-वाय नव्हतेच. पहिली अज्ञात राशी ‘यावत्तावत्’, म्हणजे ‘जितकं असेल तितकं’, आणि पुढच्या सगळ्या रंगांच्या नावाने: कालक, नीलक, पीतक. माझ्या डोक्यावर रिळांची फळी होती. पंधरा दिवस मी सगळी उदाहरणं निळा आणि पिवळा अशी सोडवली. दोन निळे अधिक एक पिवळा. निळा रंग कुणाला घाबरवत नाही. पंधरा दिवसांनी एक्स आपोआप परत आला, तोवर त्याची नांगी गळून पडली होती.

हीच समीकरणं सोडवायची क्रेमरची पद्धत तुम्हालाही येत नव्हती, हे तुम्ही पहिल्याच दिवशी कबूल केलंत. सदुसष्टाव्या वर्षी पाठकोऱ्या कागदांची वही शिवून घेतलीत आणि माझ्यासोबत निश्चयक, म्हणजे दोन उभ्या रेघांत मांडलेले चार आकडे, शिकायला बसलात. तिरके गुणाकार, मग वजाबाकी, डोकं चालवायचं कामच नाही, म्हणून मला ती फार आवडली. पण तिथेच मी रोज आपटायचे. २ एक्स + वाय − ११ = ० आणि एक्स − वाय + २ = ० असं दिलं की मी तशीच −११ आणि +२ उचलून निश्चयकात घालायचे. उत्तर यायचं उणे ३ आणि उणे ५. आकडे बरोबर, चिन्हं उलटी. स्थिर पद, म्हणजे नुसता आकडा, आधी उजवीकडे न्यायचं, आणि बाजू बदलली की चिन्ह बदलतं, हे तुम्ही कितीदा सांगितलंत! मग स्वतःच हसलात, “आपल्या राज्यात मात्र बाजू बदलणारे चिन्ह सोबत घेऊन जातात.” काकू आतून ओरडल्या, “राजकारण नको, तिची परीक्षा आहे!”

आणि ताळा. उत्तर काढून मी मान वर केली की तुमचा पहिला प्रश्न ठरलेला: “ताळा केलास?” मला राग यायचा. तुम्हीच सांगा ना बरोबर आहे की नाही! तुम्ही कधीच सांगितलं नाहीत. गाडी डेपोत लागायच्या आधी वेबिल आणि रोकड जुळली पाहिजे, कमी पडली तर पदरचे भरा, इतकंच म्हणायचात. ३ आणि ५ घालून बघ. सहा अधिक पाच, वजा अकरा, शून्य. तीन वजा पाच, अधिक दोन, शून्य. जुळलं. दोन्हीत घालायचं हं, एकात घालून भागत नाही. तुमची ही अट मला जाचक वाटायची, पण एकात जुळून दुसऱ्यात फसलेली माझी तीन उदाहरणं त्या वहीत अजून आहेत.

मार्च २०२४. गणित भाग १ चा पेपर ४० गुणांचा, वेळ दोन तास. माझ्या बाकाच्या मागे-पुढे मुलीच्या वयाची पोरं. समीकरणाच्या एका उदाहरणाचं उत्तर निघालं, छान पूर्णांक, दिसायला देखणं. शेवटच्या पानावर ‘कच्चे काम’ लिहून ताळा केला. पहिल्यात बसलं, दुसऱ्यात नाही. पोटात खड्डा पडला. दुसरं समीकरण उतरवतानाच अधिकचं उणे करून ठेवलं होतं. एक आडवी रेघ मारून सगळं पुन्हा सोडवलं. दोन्हीकडे जुळलं.

काका, निबंध लिहिला तर तो बरा झाला का, हे तपासणाऱ्याला माहीत. समीकरणाचं मात्र मला तिथे बाकावरच कळलं होतं, निकालाच्या किती तरी आधी. आयुष्यात पहिल्यांदा माझं बरोबर आहे हे कुणाला न विचारता मला ठाऊक होतं. शाळेच्या फाटकाबाहेर पोरं उत्तरं ताडून बघत होती, मी सरळ रिक्षा धरली.

२७ मेला निकाल लागला. गणितात शंभरपैकी ५८. पेढे घेऊन आले तर तुम्ही गुणपत्रिकेची प्रिंट हातात घेतलीत, चष्मा लावलात आणि सगळ्या विषयांची बेरीज करायला बसलात. बेरीज जुळल्यावरच पेढा तोंडात टाकलात.

आता तुम्ही दोघं मुलाकडे ठाण्याला गेलात. तुमची वही माझ्याकडेच आहे, समोरच्या बिऱ्हाडातला नववीचा मुलगा संध्याकाळी येऊन बसतो तेव्हा लागते. त्या पँटचे ४० रुपये मी नको म्हणत असताना तुम्ही मशीनवर ठेवून गेला होतात. ते वेगळ्या डबीत ठेवलेत. पुढच्या खेपेला आलात की घेऊन जा. काकूंचं ब्लाउजही तयार आहे.

तुमची,
शेजारची शिलाईवाली