ती शिष्ट नाहीये, ती घाबरलीये

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारी तुमच्याकडे एका आजोबांचं पत्र छापून आलं होतं, परदेशातली नातवंडं सुट्टीत येतात पण कोणाशी तोंड उघडत नाहीत, आईबापांनी शिष्ट करून ठेवलीयेत. वाचून दोन दिवस डोक्यातून जाईना. त्यांचं दुःख खरंय, वर्षातून तीन आठवडे नातवंडं येणार आणि तीही गप्प बसणार, कोणालाही लागेल. पण मी अशाच एका गप्प पोरीची आई आहे म्हणून लिहितेय.

आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो, माझं माहेर सांगलीचं. मुलगी तिकडेच जन्मली, आता नऊ वर्षांची आहे. घरात तोंडाचा पट्टा चालू, माझ्याशी मराठीत आणि बाहुल्यांशी इंग्लिशमध्ये. शाळेत नाव घालताना घरी कुठली भाषा बोलता म्हणून फॉर्म भरून घेतात, आम्ही हौसेनं मराठी लिहिलं. मग ती वर्गात बोलेना तेव्हा शाळेनं तो फॉर्म बघितला, हिला इंग्लिश येत नसणार असं धरलं आणि ईएसएलला म्हणजे इंग्लिश नवीन असणाऱ्या मुलांच्या वर्गात बसवलं. वर्ष गेलं त्यात. टीचर तिचं नाव चुकीचं उच्चारायच्या, ती वर्षभर त्या चुकीच्या नावाला मान वर करून बघत राहिली पण दुरुस्त केलं नाही. बाथरूमला जायचंय हेही सांगता यायचं नाही, कपडे ओले करून घरी यायची आणि मी रागवायचे. हे लिहिताना अजून हात थांबतो.

रविवारी रात्री पोट दुखायला लागायचं. ओवा दिला, हिंग लावला, डॉक्टरांनी टेस्ट केल्या, काही निघालं नाही. भीतीनं पोटात गोळा आला असं आपणच म्हणतो ना, मग सहा वर्षांची पोर पोट धरून बसते तेव्हा ती घाबरली असेल हे आपल्याला का सुचत नाही? मला तरी नाही सुचलं.

त्यात एकानं सल्ला दिला की घरी मराठी बंद करा, मुलगी दोन भाषांत गोंधळलीये. आम्ही दोन महिने केलं तसं. झालं काय, तर ती घरातही कमी बोलायला लागली, आणि आजीचा व्हिडिओ कॉल आला की उठून आत जायची. हा सल्ला आजही सर्रास देतात म्हणून स्पष्ट सांगते, दोन भाषांमुळे मूल मुकं होत नाही. जॉन बेरी वगैरे संशोधकांनी 13 देशांतल्या स्थलांतरित घरांमधल्या टीनएज मुलांचा अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध केला होता, त्यात घरची आणि बाहेरची अशा दोन्ही संस्कृती धरून राहणारी मुलंच एकंदरीत जास्त बरी असल्याचं दिसलं होतं.

शेवटी एका चाइल्ड सायकॉलॉजिस्टनं सांगितलं, हा सिलेक्टिव्ह म्युटिझम आहे. भाषा येते, घरी बोलते, पण ठराविक ठिकाणी भीतीनं आवाजच फुटत नाही. नवीन देशात आलेलं मूल भाषा शिकेपर्यंत काही महिने गप्प असतं ते वेगळं, हे वेगळं. स्थलांतरित आणि दोन भाषा बोलणाऱ्या घरांत हे जास्त सापडतं आणि तिथेच उशिरा ओळखू येतं, कारण शाळेला वाटतं भाषेचा प्रश्न आणि आपल्याला वाटतं किती गुणी शांत मुलगी. पूर्वी डॉक्टरसुद्धा याला इलेक्टिव्ह म्हणायचे, म्हणजे मूल ठरवून बोलत नाही, हट्टी आहे. अमेरिकेत 1994 मध्ये ते नाव बदललं आणि 2013 पासून याची गणना सरळ अँग्झायटीच्या आजारांत होते. म्हणजे शिष्ट समजण्याची चूक जाणकारांनीही केलीये, त्या आजोबांना मी कुठे दोष देऊ.

उपचार म्हणजे काय तर मी रिकाम्या वर्गात तिच्याशी खेळायचं, टीचरनी आधी दाराबाहेर थांबायचं, मग दारात, मग कोपऱ्यात खुर्चीवर, आणि कोणीही बोल म्हणायचं नाही. पाच महिन्यांनी टीचरला तिचा आवाज ऐकू आला.

आणि मग आम्ही जुलैत सांगलीला आलो. आधीच नवऱ्याच्या व्हिसा स्टॅम्पिंगची, म्हणजे अमेरिकेत परत जायला पासपोर्टवर लागणाऱ्या व्हिसाची, घरात रोज चर्चा, ती ऐकून तिनं विचारलेलं, बाबांना परत येऊ दिलं नाही तर मी कुठली? शाळेत मुलं विचारतात तू खरी कुठली आणि इकडे सगळे म्हणतात अमेरिकेची पाहुणी आली. दुसऱ्याच दिवशी सत्यनारायण होता, पंचवीस माणसं, आणि प्रत्येकाचं तेच, शुभंकरोति म्हणून दाखव, जरा अमेरिकन इंग्लिश बोलून दाखव बघू. प्रेमानंच हो, मला माहितीये. पण पोरगी माझ्या ओढणीत तोंड खुपसून थरथरत होती आणि वर कोणीतरी म्हणालं, येत नसेल मराठी, आईनं शिकवलंच नसेल.

माझे वडील एकटे काही बोलले नाहीत. सकाळी व्हरांड्यात शेंगा सोलत बसायचे, तिच्यासमोर मूठभर ठेवायचे आणि आपलं काम करायचे. चौथ्या दिवशी ती म्हणाली, आजोबा, ही किडकी आहे. वडिलांनी फक्त टाक बाजूला म्हटलं, मागे वळून मला हाक मारली नाही की टाळ्या वाजवल्या नाहीत. सायकॉलॉजिस्टनं मला जे शिकवायला महिने घेतले ते माझ्या अण्णांना आपसूक येत होतं.

आता परत जुलै येतोय, बऱ्याच घरांत अशी पोरं येतील. त्यांना चार दिवस काहीही म्हणून दाखवायला सांगू नका एवढीच हात जोडून विनंती. शेजारी बसवा, भाजी निवडायला द्या, प्रश्न नको. ती बोलली तर लगेच सगळ्यांना बोलवून परत बोल म्हणू नका. आणि तिकडच्या आईबापांनो, मूल घरी बोलतं आणि शाळेत महिनोन्महिने गप्प आहे तर वाट बघू नका, माझ्यासारखं वर्ष घालवू नका.

आपली,
एक आई, एडिसन, न्यू जर्सी