घरी तयार केलेल्या विजेच्या सायकलींना तपासणीची सोय हवी

महोदय,

माझे वडील परळच्या एका गिरणीत कामाला होते. पहिल्या पाळीला ते जिच्यावरून जात, ती दुहेरी दांडीची, २८ इंची चाकांची काळी सायकल त्यांच्या पश्चात आमच्या चाळीच्या गॅलरीत कित्येक वर्षे टांगलेली होती. गेल्या दिवाळीनंतर ती खाली उतरवून मी तिला विसाव्या शतकाच्या आरंभीच्या मोटरसायकलीचे रूप दिले आणि विजेची मोटर बसवली. तेव्हापासून आजूबाजूची तरुण मुले चौकशीला येतात, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

१९०१ सालची ‘इंडियन’ काय किंवा १९०३ सालची ‘हार्ले-डेव्हिडसन’ काय, या आरंभीच्या गाड्या म्हणजे मुळात इंजिन बसवलेल्या सायकलीच होत्या. त्यामुळे जुन्या भक्कम सायकलीला ते रूप फार शोभून दिसते. मुलांना मात्र पेट्रोलचे टू-स्ट्रोक इंजिनच हवे असते, आणि मी त्यांना त्यापासून कळकळीने परावृत्त करतो. सायकलीला लावण्यासाठी या इंजिनाचा जो संच मिळतो, त्यातली मागची दातेरी चकती चाकाच्या तारांवरच रबर लावून आवळावी लागते. तारा सैल होतात, तुटतात, आणि चालत्या चाकाची तार तुटणे म्हणजे काय ते सांगायला नको. शिवाय २५ सीसीपेक्षा मोठे इंजिन लावले की कायद्याने ते मोटार वाहन ठरते. मग नोंदणी, विमा आणि परवाना हे सारे आलेच, आणि घरी जुळवलेल्या सायकलीची नोंदणी होणे जवळजवळ अशक्य.

माझा एकंदर खर्च २६ हजार रुपये झाला. त्यापैकी पुढच्या चाकातली मोटर व तिला मिळणारी वीज कमी-जास्त करणारा कंट्रोलर साडेआठ हजारांना, ३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवरची बॅटरी ११ हजारांना, रिमा, टायर व ब्रेक चार हजारांना पडले आणि उरलेले अडीच हजार पत्र्याच्या टाकीवर व रंगावर गेले. दोन दांड्यांच्या मधली ही टाकी पेट्रोलची वाटते, पण तिच्या पोटात बॅटरी आहे, आणि पावसाचे पाणी साचू नये म्हणून तळाला दोन भोके ठेवली आहेत. काटकसर करायची तर ती दिव्यावर, हँडलवर, रंगावर करावी. चोरबाजारात पितळी दिवा स्वस्तात मिळून जातो. बॅटरीवर आणि ब्रेकवर एक रुपयाही वाचवू नये. जुन्या लॅपटॉपमधले सेल काढून बॅटरी जोडणे आणि ती रात्रभर चाळीच्या दारापाशी चार्जिंगला लावणे म्हणजे आग लागली तर बाहेर पडण्याची वाटच बंद करून घेणे होय. तसेच जुन्या सायकलींचे दांडीचे ब्रेक आणि लोखंडी रिम पावसात भिजल्यावर धड धरत नाहीत. मी दोन्ही चाकांना अ‍ॅल्युमिनियमच्या रिमा घातल्या. त्या जुन्या रिमांपेक्षा व्यासाने किंचित लहान असल्यामुळे ब्रेकचे रबर रिमपर्यंत पोहोचेना, आणि लांब हातांचे कॅलिपर, म्हणजे रिमला दोन्ही बाजूंनी चिमटणारे ब्रेक, शोधण्यात माझे तीन रविवार गेले.

आता मुख्य अडचण. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार पायडलला साहाय्य करणाऱ्या मोटरची शक्ती पाव किलोवॅटपेक्षा कमी असेल, ताशी २५ किलोमीटरला किंवा पायडल मारणे थांबताच मोटर बंद पडत असेल आणि योग्य ब्रेक व पुढे-मागे रिफ्लेक्टर असतील, तर अशी सायकल मोटार वाहन मानली जात नाही. परंतु या अटी पूर्ण झाल्याची खातरजमा पुण्याच्या एआरएआयसारख्या ठरावीक चाचणी संस्थेने करायला हवी. ही व्यवस्था एका नमुन्याच्या हजारो सायकली काढणाऱ्या कारखान्यांसाठी योग्यच आहे. ज्याने आयुष्यात एकच सायकल तयार केली, तीही २६ हजारांत, त्याने कुठे जावे? सर्व अटी पाळूनही त्याच्या हातात दाखवायला कागद नसतो, आणि नाक्यावरच्या वाहतूक पोलिसालाही त्याची सायकल आणि बेकायदा इंजिन लावलेली सायकल यांत फरक करता येत नाही.

म्हणून राज्याच्या परिवहन विभागाने केंद्राकडे पाठपुरावा करून घरी तयार केलेल्या एकेका सायकलीच्या तपासणीचे अधिकार माटुंग्याच्या व्हीजेटीआयसारख्या अभियांत्रिकी शिक्षणसंस्थांना किंवा शासकीय आयटीआयना मिळवून द्यावेत, अशी माझी विनंती आहे. मोटरची शक्ती, वेगाची मर्यादा, ब्रेक आणि वायरिंग इतकेच तपासायचे असल्यामुळे काम फार वेळखाऊ नाही. त्यासाठी माफक शुल्क घ्यावे आणि अटींचे पत्रक सोप्या मराठीत प्रत्येक आरटीओ कार्यालयात लावावे.

तोवर मी रस्त्यावर बॅटरीची जोडणी काढून, नुसते पायडल मारत परळहून दादरपर्यंत जातो. ज्या दिवशी अशी तपासणी सुरू होईल, त्या दिवशी पहिली सायकल मी घेऊन येईन.

आपला,
एक वाचक, परळ, मुंबई