सुरक्षा समिती सदस्यांसाठी सूचना : नियर मिसच्या (दुखापत होता होता टळलेल्या प्रसंगांच्या) नोंदी
सर्वांना नमस्कार,

कामगाराला 48 तास किंवा जास्त काम करता येणार नाही अशी दुखापत झाली, तर ती कायद्याने कळवावीच लागते. पण पॉवर प्रेसवर (पत्रा दाबून कापणाऱ्या किंवा आकार देणाऱ्या मशीनवर) बोट थोडक्यात वाचलं, तर ते फक्त आपल्याच रजिस्टरमध्ये सापडणार. म्हणून 'किरकोळ' एवढंच लिहून पान उलटू नका. मशीन नंबर, पाळीचा कितवा तास, मशीनचं गार्ड (संरक्षक आवरण) लावलेलं होतं की काढलेलं, हे रकाने भराच. नोंदी पहाटेच्या वेळीच जास्त दिसल्या, तर नुसती पोस्टर लावून भागणार नाही. विश्रांतीची वेळ बदलून मागावी लागेल.

कामगाराचं नाव मात्र लिहू नका, भीतीपोटी कुणी सांगणारच नाही.

शनिवारच्या बैठकीला रजिस्टर आणा, एक्सेलमध्ये मशीनवार लावून बघू.