मालाची वही टेबलावरच राहिली

दापोली, मंगळवार

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

चहा न घेता सहाच्या गाडीला गेलीस. पुण्याला बोहरी आळीत पोचल्यावर कळेल, तुझ्या नव्या दुकानाच्या मालाची वही इथे टेबलावर राहिली. आई पानांचे फोटो पाठवेल. मी पेन्सिल घेऊन बसलोय. विचारलं नव्हतंस, तरीपण.

पाइपांबद्दल या पत्रात काही लिहिणार नाही.

चेनसॉ सहा लिहिल्यास आणि चेनी आठच. दोन मशिनी पुरेत गं सुरुवातीला. चेनी, गोल कानशी, प्लग, स्टार्टरची दोरी मात्र भरपूर घे. निसर्ग वादळ आठव. 3 जून 2020 ला दुपारी सगळी पोफळ आडवी झाली, वाडीत मशिनी चार होत्या, आणि तिसऱ्या दिवशी चारही गप्प. चेनी बोथट, बाजार बंद, वीज नाही. तू ओटीवर पाट उपडा घालून बसलीस, एकेका दाताला तीनदा कानस, तीही पुढच्याच दिशेने. मशीन न्यायला आलेल्या बाप्यांना 'मातीत टेकवू नका' म्हणून दम देत होतीस. सदूभाऊ मला म्हणाले, "मास्तर, पोर लोहाराकडे ठेवलेली काय?" मी नुसता हसलो. त्या रात्री मला झोप आली नाही, आनंदाने. हे तुला कधी बोललो नाही.

चेन मागताना नुसते इंच सांगू नकोस. पिच, गेज आणि खालच्या कड्या मोजूनच माग. पण हे मी तुला सांगतोय! जाऊ दे.

आंबे उतरवायचे झेले फेब्रुवारीच्या आत दुकानात हवेत. इथल्या कृषी विद्यापीठाच्या नूतन झेल्याची जाळी आणि पाती सुटीही ठेव; जाळी फाटली म्हणून कोणी अख्खा झेला घेत नाही. दांडा मात्र बांबूचा. वाळलेला बांबू. ओला झाला की त्याचाही भरवसा नाही, आणि अ‍ॅल्युमिनियम तर

नाही लिहीत.

करवत नेणाऱ्याला बोर्डो पेस्टची चिठ्ठी दे: मोरचूद किलो, चुना किलो, पाणी 10 लिटर, बादली प्लास्टिकची. आंब्याची जाड फांदी कापून तशीच उघडी टाकली की भिरूड, खोड पोखरणारी अळी, शिरते, आणि मग झाड आतून जातं. नुसती करवत विकून आपलं काम संपत नाही, गिऱ्हाइकाला चार गोष्टी समजावून... बघ, लागलो वर्ग घ्यायला. माफ कर. काल रात्रीही तेच झालं. 'तुला धंद्यातलं काय कळतं' हे तर मी म्हणायलाच नको होतं. उद्यानविद्या तू शिकलीस, कर्ज तुझ्या नावावर आहे. मी जन्मभर फळ्यावर लिहिलं.

पण मनू, पान नऊ. 'टेलिस्कोपिक पाइप, अ‍ॅल्युमिनियम, 20 फुटी, नग 20.' तू म्हणालीस, सगळेच विकतात, हलका असतो, बायांनाही पेलतो. खरं आहे. हलका असतो म्हणूनच माणूस वर बघत उचलतो आणि मागची तार विसरतो. विजेच्या 11 केव्हीच्या लाइनला टेकायलाही लागत नाही, जवळ गेला तरी पुरे. आपल्याकडे कुठली बाग आहे जिच्यावरून लाइन जात नाही?

बाळूकाका डाव्या हाताने जेवायला शिकला तेव्हा तू तिसरीत होतीस. तुला वाटत असेल, बाबा त्याच्यासाठी हळवे होतात. तो पाइप मुंबईहून मी आणला होता. हौसेने. हलका आहे म्हणून.

बाळूला विचारलंस तर तो हसून सांगेल, मागव गं खुशाल. त्याचं ऐकू नकोस.

पोचलीस की फोन कर. आईशी बोललीस तरी चालेल.

तुझे
बाबा

ता. क. फायबरग्लासचे पाइप मिळतात का विचार. महाग आहेत, कोरडे आणि स्वच्छ ठेवले तरच त्यांचा उपयोग. 20 नकोत, चार आण. फरकाचे पैसे मी घालतो, हिशेबात धरू नकोस. आणि पान नऊवर मी काट मारलेली नाही. पेन्सिलीने गोल केलाय फक्त.