अंगठा घेतलात, आता कागद मराठीत द्या
(कर्नाटकच्या उच्च शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र)

मा. मंत्रीमहोदय,
स. न. वि. वि.

अधिवेशनाच्या दिवसांत बेळगावच्या सुवर्ण विधानसौधाबाहेर आमचे निवेदन एका अधिकाऱ्याने हसतमुखाने घेतले. ‘पुढच्या सत्रापासून संशोधनाचे संमतीपत्र मराठीतही’ असे तेच म्हणाले. सत्र आले आणि गेलेही. गेल्या आठवड्यात निपाणी भागात विडी कामगार बायकांच्या दम्याची माहिती घ्यायला संशोधक आले. हातात चार पानी संमतीपत्र होते, कन्नड आणि इंग्रजीत. बायकांनी अंगठे उठवले. साक्षीदार कोण, तर पान-तंबाखू वाटणारा ठेकेदार. उद्या तोच विड्या छाटात काढणार, म्हणजे खराब म्हणून बाद करणार. त्याच्या तोंडावर कोणती बाई ‘नको’ म्हणेल?

हे आमचे हट्ट नाहीत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की माहिती सहभागी व्यक्तीला समजेल त्या भाषेत द्यावी. तिला वाचता येत नसेल तर वाचता येणारा, संशोधनाशी संबंध नसलेला, निःपक्ष साक्षीदार हवा. ठेकेदार निःपक्ष असेल तर मग बोक्याला दुधाची राखण द्यायला हरकत नाही.

मराठी संमतीपत्र म्हणजे यंत्रातून काढलेले भाषांतर नव्हे. एकाने मराठी करावे, दुसऱ्याने मूळ न पाहता ते परत इंग्रजीत न्यावे, दोन्ही शेजारी ठेवून फरक शोधावा. मग पाच-सहा बायकांना वाचून दाखवून ‘काय समजलं ते सांगा’ म्हणावे. ‘समजलं का?’ विचारले की ‘होय’ हेच उत्तर येते. घोटाळा होतो तो साध्या शब्दांत. ‘अभ्यास’ऐवजी ‘तपासणी’ लिहिले की बाईला वाटते, आता औषध मिळणार. ती औषधाच्या आशेने अंगठा देते, आणि संशोधक त्याला संमती म्हणतो. ‘गोपनीयता’ हा शब्द तर काढूनच टाका. ‘तुमचं नाव कुणाला सांगणार नाही’ असे लिहा. मधेच उठून गेलात तरी काही तोटा नाही, हे वाक्य ठळक हवे. कागदाची एक प्रत घरात राहिली पाहिजे. तिच्यावर संशोधनाला मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीचा फोन नंबर असावा, आणि तो उचलणाऱ्याला मराठी यावे!

वेळेचेही बघा. हजार विड्या वळायला दिवस जातो. तास-दीड तासाची मुलाखत म्हणजे शे-दीडशे विड्या बुडाल्या. बुडालेली मजुरी भरून द्यायला तत्त्वांची हरकत नाही. लालूच वाटेल इतकी रक्कम मात्र नको. इथे मिळाला एक चहा. फुंकर मारायच्या यंत्रावर कुणाचा आकडा कमी आला तर तिला कुठे पाठवायचे, हे आधी ठरलेले असावे लागते. ते कुणी ठरवले होते?

समितीत किमान सात सदस्य, अध्यक्ष संस्थेबाहेरचा, शिवाय कायदा जाणणारा आणि एक सामान्य नागरिक लागतो. आमच्याकडे हा सामान्य नागरिक बहुधा कुणाचा तरी निवृत्त स्नेही असतो. निपाणी-खानापूरची मराठी बोलणारी एखादी बाई त्या खुर्चीवर बसवली तर काय बिघडेल? कलाशाखेत तर समिती विचारतो कोण. प्रबंधात गावाचे नाव, वय, जात आणि ‘विधवा’ एवढे छापले की नाव वगळून उपयोग शून्य; वाडीतले पोरही ओळखते. आणि प्रबंध ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या संकेतस्थळावर सगळ्यांना खुला.

विद्यापीठे मात्र प्रबंधातला मजकूर दुसऱ्यांच्या लेखनाशी किती जुळतो, त्या साम्याच्या टक्क्यांत मग्न. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंत साम्य चालते, ६० च्या वर गेले की नोंदणी रद्द. पण साम्य शोधणारे सॉफ्टवेअर शब्द मोजते. मराठी लेखाचे इंग्रजी करून खपवले तर ते सहसा गप्प बसते, आणि खोट्या अंगठ्याचे साम्य त्याला सापडणार कसे? संशोधन नीतीचा दोन श्रेयांकांचा, तीस तासांचा अभ्यासक्रम आहे. त्यात हजेरी लागते एवढे खरे.

खरे सांगायचे तर हे दुखणे विद्यापीठापुरते नाही. हा भाग कन्नड राज्यात गेला त्या १९५६ पासून आमच्या दारी येणारा प्रत्येक कागद आम्ही दुसऱ्याकडून वाचून घेतो. उतारा कन्नडमध्ये, नोटीस कन्नडमध्ये. सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३५० ब आले, भाषिक अल्पसंख्याकांसाठी अधिकारी नेमला गेला. जिथे ते १५ टक्के असतील तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, असे ठरले. निपाणीत आम्ही १५ टक्केही नाही म्हणता? सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तो तिथे राहू दे. संमतीपत्राला निकालाची वाट बघायचे कारण काय?

निपाणीची ती माहिती नव्याने मराठी संमती घेईपर्यंत वापरू नये. ठेकेदाराच्या साक्षीची संमतीपत्रे बाद करावीत. सीमाभागातल्या प्रत्येक प्रकल्पात मराठी प्रत आणि तिची तपासून घेतलेली उलटभाषांतराची नोंद समितीसमोर आल्याशिवाय मंजुरी देऊ नये.

उत्तर कन्नडमध्ये पाठवले तरी आम्ही वाचू. एक प्रत मराठीत काढून त्या बायकांच्या गल्लीत लावा.

आपले,
सीमाभागातील काही संशोधक व मार्गदर्शक, बेळगाव